देवी आधी खोकलते

आमच्या गावची देवी बोलायच्या आधी खोकलते. तुमच्या गावची नसन खोकलत. त्याले मी काय करू?

देऊळ लय जुनं हाय. काळ्या दगडाचं. चुना नाही, सिमिट नाही, दगडावर दगड नुसता बसवलेला. पांडवांनी एका रातीत बांधलं म्हणतात, अन् मधातच कोंबडा आरवला म्हणून शिखर अर्धं राह्यलं. भिंतीवर बायांच्या मूर्त्या हायेत, एकीलेही नाक नाही. बाहीर निळा बोर्ड हाय, याले हात लावान तर शिक्षा होईन असा, अन् साऱ्या गावाच्या तंबाखू-खऱ्याच्या पिचकाऱ्या नेमक्या त्या बोर्डावर.

गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर एक तोंड कोरलेलं हाय. वटारलेले डोळे, दात बाहीर, खालचा जबडाच नाही. शाळेतले सर त्याले कीर्तिमुख म्हणत. आमी राक्षस म्हणतो. गोष्ट अशी सांगतात का तो राक्षस साऱ्या भागाचं धान खाऊन राह्यला होता. देवीनं त्याले नवमीच्या दिवशी झोडपला. मरता मरता तो म्हणे, माय, एक मागू काय? देवी म्हणे, माग. तो म्हणे, मले तुह्या दारात जागा दे. देवी म्हणे, दिलं. अन् त्याले उंबरठ्यात बसवलं. तवापासून जो येते तो त्याच्या टकुऱ्यावर पाय देऊन आत जाते.

आमची देवी अशी देते.

त्याची आठवण म्हणून दर नवमीले राक्षसाची धाव असते. एक माणूस तव्याची काजळी अन् गोडंतेल अंगाले फासते, गळ्यात वाळल्या मिरच्यांची माळ घालते, अन् पारापासून देवळापर्यंत पळते. दोन्ही बाजूनं गाव उभं राह्यते अन् त्याले सनकाड्यांनी झोडपते. अंबाडी सोलल्यावर आतली जी पांढरी काडी राह्यते ती सनकाडी. निरा पोकळ. मारली का मोडते. आवाज मोठा, लागत काहीच नाही. राक्षसानं हात उचलायचा नाही. वाटंत पडला तर खेळ खतम. पण उंबरठ्यावरच्या तोंडाले हात लावला, तर त्याले गावाजवळ एक गोष्ट मागता येते. पडद्यामागून देवी म्हणते, "दिलं," अन् मंग गावाले द्यावंच लागते. एकानं घोंगडं मागतलं, भेटलं. एकानं शेजाऱ्याचा कोंबडा मागतला, शेजारी रडला पण दिला. एकजण म्हणे, माह्या सासूले तिच्या गावी पोचवून द्या. गावानं ट्रॅक्टर लावून पोचवली. एका वर्षी शब्द पाळला नाही तर हातपंपाले खारं पाणी लागलं, असं म्हातारे सांगतात. म्हणून कोणी टाळत नाही.

आधी राक्षस व्हायचं काम नाल्याच्या पल्याडच्या वस्तीकडं होतं. छप्पन साली ते लोक बौद्ध झाले अन् त्यांनी निरोप धाडला, तुमचा राक्षस तुमीच व्हा. माह्या दोस्ताचा आजा त्यात होता. दोस्त आता वाशिमले बँकेत हाय, शर्ट खोचून येते, अन् दर नवमीले फोनवर विचारते, "काय बे, औंदा मार खाणारा भेटला का तुमाले?" भेटते कोणीतरी. ज्याले घोंगडं पाह्यजे तो होते.

देवीचा आवाज गुरवबाबा काढे. हे साऱ्या गावाले माहीत होतं, अन् माहीत असून बाया हात जोडत. बिड्या पिऊन पिऊन बाबाची छाती लोहाराचा भाता झाली होती. राक्षसानं मागतलं का पडद्यामागून आधी दोन बारीक खोकले येत, मंग एक लांब, घसा खरवडून काढलेला, अन् मंग "दिलं." माह्या आईच्या अंगावर खोकल्यालेच काटा ये.

माहा धंदा नकलांचा. धंदा म्हणजे पैसा नाही, पोट्टे चहा पाजतात. रिसोडले शाळेत होतो तवा मी हेडमास्तरच्या आवाजात खिडकीबाहेरून ओरडलो होतो, "सुट्टी!" अन् दोन वर्ग घरी गेले. गावात चहाच्या टपरीवर माह्या देवीच्या खोकल्याले लय मागणी. स्वतः गुरवबाबा ऐकून एवढा हसे का त्याले खरा खोकला ये, अन् मंग कोणता माहा अन् कोणता त्याचा हे कळत नसे.

फक्त एका माणसाची नक्कल मी जपून करो. मोठे भाऊ. त्यांचं नाव गावात कोणी घेत नाही, मीही नाही घेत. नाल्यापासून सडकेपर्यंत वावर त्यांचं. आवाज लोण्यासारखा. कधीच ओरडत नाहीत. बोलून झालं का "बरं का" म्हणतात अन् थांबतात, अन् समोरच्याले घाम फुटते.

मागच्या वर्षी पोळा झाल्यावर टपरीवर पोट्ट्यांनी लय आग्रह केला. म्या भाऊ काढले. गाडीतून उतरतात तसे, शर्टाची बाही सारखी करतात तसे. "आपलं गाव म्हणजे आपलं घर, बरं का." सारे हसले. मंग एकेक चूप होत गेले. म्या मागं पाह्यलं तर भाऊ उभे. फक्त एकच माणूस हसत राह्यला. माह्या शेजारचे काका. त्यांची पाठ सडकेकडं होती. मांडीवर थाप मारून मारून हसत होते, डोळ्याले पाणी आलं होतं.

भाऊ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "हसा ना. हसायले काय लागते, बरं का."

आठ दिवसात काकाच्या वावराच्या वाटंले तार लागली. काकाचं वावर थोडकं, भाऊंच्या वावराच्या मागं. आजापासून त्यांची बैलगाडी भाऊंच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जाई. आता लोखंडी खांब, काट्याची तार, माणूस आडवा होऊन जाईन एवढी फट. काका विचारायले गेले तर भाऊ म्हणले, "पायी जा ना. कोनं अडवलं? फक्त माह्या वावरात चाक नाही फिरलं पाह्यजे, बरं का."

आता पाहा. नक्कल केली म्या, अन् तार लागली त्यांच्या वाटंले. माह्या वाटंले लावणार तरी काय? माह्या बापाचं पंक्चरचं दुकान. आमच्याजवळ वावरच नाही.

काका तहसीलमधी गेले. तिथं पुढची तारीख भेटली. तिकडं सोयाबीन वाळलं. काका-काकूनं दोघांनीच कापून सोंगलं, वावरातच ढीग रचून सुडी घातली, वरून ताडपत्री बांधली. आता मळणीयंत्र आत गेलं का झालं. पण यंत्राले चाकं असतात. अन् रोज दुपार कलली का आभाळ काळं होऊन राह्यलं होतं. सोयाबीनले पाणी लागलं का शेंगेतच कोंब फुटतात, मंग ते ना बाजाराचं ना ढोराचं.

नवरात्र बसलं अन् देवळात बैठक झाली. भाऊ खांबाले टेकून बसले. "औंदा राक्षस कोण?"

कोणी काही म्हणायच्या आत काका उठले. "मी होतो."

साऱ्याले कळलं हा माणूस काय मागणार हाय. काका पन्नाशीच्या पार, पाय फेंगडे, बकरीमागं पळाले तरी दम लागते. भाऊनं त्यांच्याकडं खालून वर पाह्यलं. हसले.

"होय ना. शोभते तुले, बरं का."

अन् मंग माह्याकडं वळले. गुरवबाबाचं त्याच उन्हाळ्यात नागपूरले गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. गळ्याले भोक, आवाज गेला. बोलायले गेला का फक्त हवा निघे. भाऊ म्हणले, "देवी तू हो. दुसऱ्या कोनाले जमनार नाई."

"भाऊ, मी?"

"चहावर करतं ना? तेच कर. तो पडला तर चूप राह्यजो."

"अन् पोचला तर?"

"पोचू तर दे, बरं का."

दुसऱ्या दिवशी म्या गुरवबाबाकडं शिकायले गेलो. म्हाताऱ्यानं मले देवळात नेऊन पडद्यामागं उभं केलं, तोंड भिंतीकडं करून दिलं, म्हणजे आवाज दगडात घुमते. मंग बोटं दाखवली. दोन आखूड, एक लांब. म्या खोकललो. म्हातारा हसला. त्याचं हसणं आता कुकरच्या शिट्टीसारखं, गळ्यातूनच निघे. त्याची नक्कल म्या घरी जाऊन करून पाह्यली. जमली.

काका सांजेले अंगणात भेटले. म्हणले, "पोट्ट्या, फक्त दिलं म्हन. बाकी मी पाह्यतो."

"पाय चालतीन ना काका?"

"पाय नाई चालले तर हातावर येतो. देवीले काय, समोरून आलं म्हंजे झालं."

नवमीची दुपार. मी पडद्यामागं. आत तेल, कापूर अन् वाघळांचा वास. पडद्याले एक भोक हाय, त्यातून सभामंडप, पायऱ्या अन् पारापर्यंतची सारी वाट दिसते. दाराजवळ बाया, त्यात काकू, हातात पाण्याचा तांब्या. तिच्याजवळ माही आई. गुरवबाबा पायरीवर, गळ्याले रुमाल. भाऊ खांबाजवळ. अन् पाराजवळ काळेकुट्ट काका, मिरच्यांची माळ घालून. दुरून लेकरावानी दिसत होते.

ढोल वाजला. काका पळाले.

पहिला फटका बसला अन् मले समजलं. नक्कल करणाऱ्याले कान असतात. सनकाडी "कडक" म्हणते अन् मोडते. हे "सप्प" म्हणलं, अन् मोडलं नाही. त्या वर्षी काड्यांच्या जुड्या भाऊंच्या गोठ्यातून आल्या होत्या. वरून सनकाड्या, अन् प्रत्येक जुडीच्या मधात तुरीच्या तुराट्या. वाळल्या तुराटीचा फटका ढोराले मारला तर ढोर दावं तोडते.

पहिले दहा-बारा लोक दचकले असतीन. मले त्यांची तोंडं दिसत होती. हातातली जुडी मोडत नाही, वळ उठून राह्यला, हे त्यायले कळलं. कळलं अन् तरी दुसरा फटका मारला. पुढच्यांनी तर दचकायचंही काम नाही ठेवलं. काकानं कधी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण पळणारा माणूस समोर असला, हातात काडी असली, अन् तो हात उचलू शकत नसला, तर हात आपोआप चालतात. मागून एकजण ओरडला, "यंत्र नाई येत ना वावरात, मंग हातानंच मळा बे याले!" काय हसले लोक! पोट धरधरून हसले. त्याच हशावर चार फटके जास्त बसले.

मिरच्यांची माळ तुटली. काका गुडघ्यावर आले. पडला, पडला, असा गलका झाला. एक म्हातारा म्हणे, "बसला हाय, पडला नाई." दुसरा म्हणे, "गुडघे टेकले म्हंजे पडलाच." बसणं म्हणजे पडणं का, यावर दोघांची जुंपली, अन् तेवढ्यात काका उठले. पायऱ्या मात्र हातावरच चढले. बोलले होते तसे.

काळा हात उंबरठ्यावर आला. बोट राक्षसाच्या डोळ्यात गेलं. मंग कपाळ टेकलं. माह्यापासून एवढ्यावर, का तेलाचा अन् घामाचा वास मले ये. पाठीवरची काजळी फटक्या-फटक्यानं निघाली होती अन् खालून लाल दिसत होतं.

"माय," काका म्हणले, "मले माह्या वावराची वाट दे. यंत्र जाईन एवढी."

ढोलवाल्यानं ढोल थांबवला.

मले दोन आखूड अन् एक लांब खोकलायचं होतं. घसा तयार होता. पण त्या पाठीकडं पाह्यलं अन् मी नक्कलच विसरलो. गुरवबाबा विसरलो, टपरी विसरलो. तोंडातून सरळ निघालं.

"दिलं."

असा आवाज माह्या गळ्यातून आधी कधीच निघाला नव्हता, अन् मंगही नाही निघाला. दगडात फिरला अन् वापस माह्याच कानात आला. मीच दचकलो. बाहीर बाया हात जोडून खाली वाकल्या. काकूनं तांब्या तोंडाशी नेला अन् तशीच रडायले लागली. काकानं कपाळ उचललं.

तवा भाऊ बोलले. हळूच, नेहमीसारखे.

"खोकली नाई."

"काय भाऊ?" कोणीतरी विचारलं.

"देवी. खोकली नाई, बरं का."

लोकांनी एकमेकाकडं पाह्यलं. त्या गुडघ्यावाल्या म्हाताऱ्यानं मुंडी हालवली. "हो ना बाप्पा. जन्मापासून ऐकून राह्यलो. देवी आंदी खोकलते."

"दोन बारीक अन् एक मोठा," एक बाई म्हणाली.

"खोकल्याबिगर देल्लं कसं होईन?"

अन् मंग माही आई. माही सख्खी आई. हात जोडलेले तसेच ठेवून म्हणाली, "मलेही वाटलंच वो. अंगावर काटा नाई आला."

मी घाबरलो. पडद्यामागून खोकललो. दोन आखूड, एक लांब, घसा खरवडून. हुबेहूब. आयुष्यात त्याच्याहून चांगला खोकला म्या काढला नसन.

मंग सारं गाव फुटलं. ढोलवाल्यानं ढोलावर थाप मारली, म्हातारे बोळकी उघडून हसले, ज्या बाया आत्ता वाकल्या होत्या त्या पदर तोंडात घालून हसल्या. "अबे देवीले आठवण आली!" "पुन्हा एकदा, पुन्हा एकदा!" पोट्ट्यांनी मोबाईल वर केले.

गुरवबाबा उठला. त्यानं गळ्याचा रुमाल काढला, हात हालवले, छातीवर बोट ठेवलं. त्याले सांगायचं होतं, का मूर्खहो, तो माहा खोकला होता, बिडीचा, देवीचा कायचा? पण गळ्यातून फक्त शिट्टी निघाली. तवा मी पडदा बाजूले सारून बाहीर आलो अन् त्याच्या बाजूले उभा राहून त्याच्याच जुन्या आवाजात बोललो. "अरे लेकहो, तो खोकला माहा होता, बिडीचा! देवी कधी खोकलली नाई. आज पह्यल्यांदा बिगर खोकल्याची बोलली." म्हातारा जोरजोरात मान हालवून राह्यला, हो हो करून. शब्द त्याचे, आवाज त्याचा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय नक्कल हाय, म्हणले. म्हाताऱ्याचं ऑपरेशन व्हायच्या आधीचा आवाज, निरा तसाच.

भाऊंनी हात वर केला. हसणं थांबलं. "देवीनं देल्लं असतं तर मी आजच तार काढली असती. पोट्ट्यानं देल्ल्याले मी काय करू, बरं का."

नवमीच्या जेवणाले राक्षसाचं पहिलं ताट असते, तो रिवाज मोडला नाही कोणी. रोडगे अन् वांग्याची भाजी. काकाले भिंतीले टेकून बसताही येईना, पाठ लागे. भाऊंनी स्वतः वाढलं, रोडग्यावर तुपाची धार धरली. "खा ना. लाजू नको, बरं का." अन् काकानं खाल्लं. सारं ताट खाल्लं.

दसरा झाला अन् पाणी आलं. दोन दिवस थांबलंच नाही. सुडीखालून पाणी शिरलं, वरून ताडपत्री फाटली. काकू आमच्या घरी ताडपत्री मागायले आली. आईनं दिली. जाता जाता काकू माह्याकडं न पाहता आईले म्हणाली, "तुमच्या पोराचा आवाज लय चांगला हाय वो, बाई." अन् पाण्यात निंघून गेली.

उघाड पडल्यावर दोघांनी डोक्यावर भारे आणले. तारेच्या फटीतून आडवं व्हायचं, भारा मागून ओढायचा, पुन्हा डोक्यावर घ्यायचा. शेंगांमधून पांढरे कोंब निघालेले. घरासमोर ढीग लागला अन् साऱ्या गल्लीले वास सुटला. बाजारात कोणी हात लावला नाही. ढोरांनीही तोंड फिरवलं.

माहा खोकल्याचा व्हिडिओ मात्र लय चालला. वाशिमवरून दोस्ताचा फोन आला. "लेका, तुमच्या देवीले खोकल्याची दवाई धाडू का?" हसला. मी नाही हसलो, तवा तोही थांबला. मंग म्हणला, "आमच्या आज्यानं लय बरं केलं बे."

औंदाही देवी मीच. दुसरं कोणी होतं का? एकानं घोंगडं मागतलं. म्या दोन आखूड अन् एक लांब खोकललो, दिलं म्हणलो. आईच्या अंगावर काटा आला. भाऊंनी पाठीवर थाप मारली, "आता जमलं, बरं का." तार तशीच हाय. वेल चढले तिच्यावर.

काकानं औंदा यंत्राची वाट पाह्यली नाही. शेंगा वाळता वाळताच भारे आणायले सुरुवात केली. सकाळपासून टपरीसमोरून जातात. मी तिथंच असतो. वर्षभर ते माह्याशी बोलले नाहीत. पण टपरीसमोर आले का डोक्यावरच्या भाऱ्याखालून खोकलतात. दोन आखूड, एक लांब. पोट्टे चहा सांडेपर्यंत हसतात.

परवा ते थांबले. भाऱ्याखालून तोंड दिसत नव्हतं, मानेच्या शिरा दिसत होत्या.

"बरोबर हाय का बे?" त्यांनी विचारलं.

सारे माह्याकडं पाहून राह्यले.

"शेवटचा थोडा लांबवा काका," मी म्हणलो.

त्यांनी लांबवला. मंग भारा सारखा केला अन् पुढं गेले.